दाढ काढण्याआधीचा डोस : यादी कशी आकसत गेली

शाळेच्या तपासणीत मुलाच्या छातीत मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू आला की ठाणे-नवी मुंबईत पुढचा रस्ता आता ठरलेला आहे. मुलांच्या तपासणीची देशव्यापी सरकारी योजना २०१३ मध्ये सुरू झाली तीच मुळी पालघरमधून, पालघर ठाणे जिल्ह्यात असताना. टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होते, बहुतेक मर्मर निरुपद्रवी निघतात, विषय मिटतो. ज्यांच्या हृदयाला खरंच भोक असतं त्यांच्या आईवडिलांना पेच पडतो तो दातांच्या दवाखान्यात. जुन्या फाइलवर 'दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक द्या' असं लिहिलेलं, आणि नवे डॉक्टर म्हणतात गरज नाही.

दात उपटताना तोंडातले जंतू रक्तात उतरतात हे १९३०च्या दशकातच दिसलं होतं. हृदयाच्या अस्तरावर ते ठाण मांडून बसले तर एन्डोकार्डायटिस, म्हणजे जिवावरचं दुखणं. पेनिसिलिन हाती आल्यावर १९५५ मध्ये अमेरिकेतल्या 'अमेरिकन हार्ट असोसिएशन' या संस्थेच्या तज्ज्ञांनी आधीच औषध देण्याची शिफारस केली. पुढे जवळपास प्रत्येक भोक त्या यादीत बसलं.

२००७ मध्ये त्याच संस्थेने यादी छाटली. कारण साधं होतं: एकदा दाढ काढण्यापेक्षा रोजच्या घास चावण्याने आणि ब्रश करण्याने वर्षभरात कितीतरी जास्त वेळा जंतू रक्तात जातात, आणि गोळीने हा आजार टळतो याचा पक्का पुरावा कुणाकडेच नव्हता. उरली मुख्यत्वे कृत्रिम झडप असलेली, आधी हाच संसर्ग होऊन गेलेली, ओठ-नखं निळी पडणारा दोष दुरुस्त न झालेली आणि भोक बुजवायला कृत्रिम पॅच बसवून सहा महिने न झालेली मुलं. पॅचशेजारी गळती राहिली असेल तर सहा महिन्यांनंतरही. साधं, ऑपरेशन न झालेलं व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक, बाहेर पडलं. पालकांना हे उलटं वाटतं, आणि त्यात नवल नाही: भोक बुजवलं की काही महिने डोस हवा, उघडं असताना नको!

ब्रिटनने २००८ मध्ये त्याहून मोठी उडी घेतली, कुणालाच नको म्हणून. २०१५ मध्ये तिथल्या एन्डोकार्डायटिसच्या रुग्णांची आकडेवारी वाढलेली दिसली. औषध थांबवल्यामुळेच ती वाढली हे मात्र सिद्ध झालं नाही. २०१६ मध्ये 'देऊ नये' या शिफारशीच्या मजकुरात 'सरसकट' हा शब्द घालून दार किलकिलं करण्यात आलं. कुणालाच नको म्हणणं घाईचं होतं, अमेरिकेची छाटणी जास्त शहाणपणाची, असंच म्हणावं लागतं.

यादीतल्या मुलाला किलोमागे ५० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन, कामाआधी अर्धा ते एक तास, एकदाच. सोळा किलोच्या मुलाला ८०० मिलिग्रॅम. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांना पूर्वी क्लिंडामायसिन देत. दुष्परिणामांमुळे २०२१ मध्ये अमेरिकेने तेही वगळलं.

संधिवाताच्या तापानंतर दर तीन आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन या भानगडीत येत नाही. ते घशाच्या संसर्गातून ताप उलटू नये म्हणून असतं, त्यामुळे २००७ची छाटणी ऐकून ते परस्पर बंद करायचं नाही.