कोंडवाडा ते निवारा: शहरातील प्राणी नियंत्रणाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील शहराच्या प्राणी निवाऱ्यात पकडून आणलेल्या जनावराच्या पिंजऱ्यावर एक कार्ड अडकवलेले असते. जनावर कोणत्या रस्त्यावर सापडले, कोणत्या दिवशी आत आले, नर की मादी, रंग कोणता, गळ्यात पट्टा होता का, एवढा मजकूर त्यावर असतो आणि त्याखाली आणखी एक तारीख असते. ती मालकासाठी जनावर राखून ठेवण्याची शेवटची तारीख. ती उलटली की जनावरावरचा मालकाचा हक्क संपतो. त्यानंतर ते दत्तक द्यायचे, एखाद्या संस्थेच्या हवाली करायचे, आणखी काही दिवस ठेवायचे की त्याचे आयुष्य संपवायचे, हा निर्णय निवाऱ्याचा असतो. या एका तारखेसाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली आहेत, आणि ती कशी ठरत गेली हे पाहिले तर ही व्यवस्था आज अशी का चालते ते बरेचसे उलगडते.

प्राणी नियंत्रण अधिकाऱ्यावर दोन कामे सोपवलेली असतात. मोकाट किंवा चावऱ्या जनावरापासून माणसांना सांभाळायचे, आणि उपाशी ठेवलेल्या, जखमी झालेल्या, टाकून दिलेल्या जनावराला माणसांपासून वाचवायचे. ही दोन कामे एका माणसाने करावीत असे मुळात कोणी योजले नव्हते. पहिले काम नगरप्रशासनाचे होते, दुसरे दयाळू नागरिकांनी हाती घेतले होते, आणि दीर्घकाळ या दोन बाजू एकमेकींच्या विरोधात उभ्या होत्या. पुढे त्या एकाच छपराखाली आल्या, पण त्यांच्यातला ताण संपला नाही.

निवाऱ्याचे मूळ गावच्या कोंडवाड्यात आहे. इंग्लंडच्या गावांत मध्ययुगापासून दगडी भिंतीचे किंवा लाकडी कुंपणाचे कोंडवाडे असत आणि तेथून ही प्रथा अमेरिकेतील वसाहतींत गेली. कोणाची गाय, डुक्कर किंवा घोडा दुसऱ्याच्या शेतात शिरला की त्याला कोंडवाड्यात घालायचे, आणि मालकाने नुकसानभरपाई व चाऱ्याचा खर्च भरून सोडवून न्यायचे. ही पद्धत चालली, कारण जनावराला किंमत होती. गाय सोडवायला माणूस येणारच, याची खात्री असे. शहरे वाढली तेव्हा हेच साधन कुत्र्यांसाठी वापरले गेले, आणि तेथे हिशेब चुकला. भटक्या कुत्र्याला बाजारात किंमत नव्हती, त्याला सोडवायला कोणी येत नव्हते आणि त्याला पोसण्याची प्रशासनाची तयारी नव्हती. त्यामुळे कोंडवाडा ही जनावर राखून ठेवण्याची जागा न राहता मारण्यापूर्वी काही तास डांबण्याची जागा झाली. नाव तेच राहिले, अर्थ उलटा झाला.

एकोणिसाव्या शतकातील न्यूयॉर्क हे याचे सर्वांत क्लेशदायक उदाहरण आहे. उन्हाळा आला की पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती पसरे आणि शहर दर कुत्र्यामागे रोख बक्षीस जाहीर करी. बक्षिसासाठी मुले आणि रिकामटेकडे लोक कुत्री पकडत आणि त्यात पाळीव कुत्रीही सापडत, कारण अंगणातला शांत कुत्रा रस्त्यावरच्या सावध कुत्र्यापेक्षा पकडायला सोपा असतो. पकडलेली कुत्री ईस्ट नदीच्या काठावर आणली जात. तेथे लोखंडी पट्ट्यांचा एक मोठा पिंजरा होता. त्यात एका वेळी चाळीस-पन्नास कुत्री कोंबायची, यारीने पिंजरा उचलून पाण्यात सोडायचा, काही मिनिटांनी वर काढून रिकामा करायचा आणि पुन्हा भरायचा. जुलै १८७७मध्ये एकाच दिवशी सातशेहून अधिक कुत्री अशी बुडवण्यात आली. हे लपूनछपून चालले नव्हते, वर्तमानपत्रांत त्याची वर्णने छापून येत होती.

त्या भीतीला आधार होता, हेही मान्य केले पाहिजे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचत नाही, ही गोष्ट आजही जवळजवळ तशीच खरी आहे. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जुलै १८८५मध्ये कुत्र्याने चावलेल्या एका मुलाला लस टोचेपर्यंत माणसाच्या हातात डागणी आणि प्रार्थना यांपलीकडे काही नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यू जर्सीतील न्यूअर्क शहरातून कुत्र्याने चावलेली चार मुले वर्गणी काढून समुद्रापार पॅरिसला पाठवण्यात आली, यावरून लोकांच्या मनातील धास्तीची कल्पना येते. चूक भीतीत नव्हती, उपायात होती. बक्षिसाने कुत्री मरत, पण रोग हटत नसे, कारण मोकळ्या झालेल्या जागेत नवी कुत्री येत आणि त्यांतल्या एकालाही रोगापासून संरक्षण नसे.

दयेची बाजू लंडनमध्ये आधी उभी राहिली. १८२२मध्ये ब्रिटिश संसदेने गुराढोरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला आणि १८२४मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी प्राण्यांच्या क्रौर्यप्रतिबंधाची संस्था स्थापन झाली. कुत्र्यांसाठी मात्र १८६० साल उजाडावे लागले. त्या वर्षी मेरी टील्बी यांनी लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरते आश्रयस्थान उघडले. माणसे उपाशी असताना कुत्र्यांना घर कशाला, अशी टर वृत्तपत्रांनी उडवली आणि शेजाऱ्यांनी भुंकण्याच्या तक्रारी केल्या. १८६५मध्ये टील्बी वारल्या, पण संस्था टिकली. १८७१मध्ये ती लंडनच्याच बॅटरसी भागात हलली आणि आजही तेथेच आहे.

दरम्यान १८६७च्या कायद्याने लंडनच्या पोलिसांना रस्त्यावरचे मोकाट कुत्रे ताब्यात घेण्याचा अधिकार दिला आणि तीन पूर्ण दिवस मालकाची वाट पाहण्याचे बंधन घातले. पोलिसांकडे कुत्री ठेवायला जागा नव्हती, आश्रयस्थानाकडे होती. पकडणारा हात सरकारचा आणि ठेवणारी जागा धर्मादाय संस्थेची, ही जोडणी येथून रूढ झाली. १९०६च्या कायद्याने तीन दिवसांचे सात दिवस केले. पुढे १९९०च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक प्रशासनाला भटक्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमणे भाग पाडले, तरी सात दिवसांची मुदत कायम राहिली.

अमेरिकेत हेन्री बर्ग यांनी एप्रिल १८६६मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्राणी क्रौर्यप्रतिबंधक संस्था स्थापन केली. त्यांचा पहिला लढा गाडीला जुंपलेल्या घोड्यांसाठी होता. शहराचा कोंडवाडा संस्थेने चालवायला घ्यावा अशी सूचना त्यांच्यापुढे आली तेव्हा त्यांनी नकार दिला, कारण जी कत्तल थांबवायची तीच आपल्या संस्थेच्या नावाने करणे त्यांना तत्त्वाला सोडून वाटत होते. फिलाडेल्फियात कॅरोलाइन अर्ल व्हाइट आणि त्यांच्या सहकारी महिलांनी वेगळा विचार केला. पुरुषांच्या संस्थेत निर्णयाचे पद मिळत नाही म्हणून या महिलांनी १८६९मध्ये स्वतंत्र शाखा काढली, आणि शहरातील कुत्र्यांचा कोंडवाडा आपल्याकडे घेऊन तेथे पाणी, अन्न, निवारा आणि कमी यातनेचा मृत्यू यांची सोय केली. अमेरिकेतील पहिला प्राणी निवारा म्हणून याच प्रयत्नाकडे बोट दाखवले जाते. बाहेर उभे राहून निषेध करायचा की आत शिरून वाईटातले वाईट कमी करायचे, हा प्रश्न या दोघांनी दोन तऱ्हांनी सोडवला. माझ्या मते फिलाडेल्फियाच्या महिलांचा मार्ग जास्त कठीण होता, कारण त्यात आपले हात स्वच्छ राहत नाहीत.

बर्ग १८८८मध्ये वारले. सहा वर्षांनी, १८९४मध्ये, न्यूयॉर्कचे कुत्रे पकडण्याचे, परवाने देण्याचे आणि कोंडवाडा चालवण्याचे काम त्यांच्याच संस्थेकडे आले. बक्षिसाची पद्धत बंद झाली, बुडवणे थांबले आणि परवान्याच्या शुल्कातून खर्च भागू लागला. पण बुडवण्याच्या जागी गॅसची कोठडी आली आणि दया शिकवायला निघालेली संस्था शहरातील सर्वांत जास्त प्राणी मारणारी संस्था झाली. ही जबाबदारी तिने तब्बल शंभर वर्षे वाहिली. इतर अनेक शहरांनी तोच कित्ता गिरवला, आणि त्यामुळे नागरिकांच्या मनात निवारा आणि कोंडवाडा यांतला फरक पुसला गेला.

विसाव्या शतकाच्या मध्याला कुत्र्यांसाठी भरवशाची रेबीज लस आली आणि नियंत्रणाचा सगळा पाया बदलला. १९४८मध्ये मेम्फिस शहरात साथीच्या वेळी मोठ्या प्रमाणावर लसीकरण करण्यात आले, आणि सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते हे सूत्र पुढे जगभर मानले गेले. परवान्याचा बिल्ला लसीच्या दाखल्याशी जोडला गेला. अमेरिकेत १९४०च्या दशकात दरवर्षी हजारो कुत्र्यांना रेबीज होत असे, तर २००७मध्ये कुत्र्यापासून कुत्र्याला होणारा रेबीज तेथून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. माणसाला चावलेल्या कुत्र्याला दहा दिवस वेगळे ठेवून पाहण्याचा नियमही रूढ झाला. लाळेतून विषाणू पसरवणारे कुत्रे या मुदतीत आजारी पडते किंवा मरते. दहाव्या दिवशी ते धडधाकट असेल, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे खात्रीने सांगता येते. पूर्वी चावलेले कुत्रे लगेच मारले जाई, आणि माणसाला लस द्यायची की नाही हे ठरवण्याची ही सोपी खूण त्याच्याबरोबर जाई.

याच काळात निवाऱ्यांवर एक वेगळे संकट आले. वैद्यकीय संशोधनासाठी प्राणी हवे होते आणि बेवारस प्राणी आयतेच निवाऱ्यांत होते. न्यूयॉर्क राज्याने १९५२मध्ये कायदा करून, सरकारी पैसा घेणाऱ्या निवाऱ्यांना मालक न आलेले प्राणी प्रयोगशाळांनी मागितल्यास देणे बंधनकारक केले. हा कायदा १९७९पर्यंत अमलात होता. यामुळे निवाऱ्याच्या दारात कुत्रा आणून सोडणाऱ्या माणसाचा विश्वास उडाला, आणि राखून ठेवण्याच्या मुदतीला पहिल्यांदाच धारदार अर्थ आला. चुकलेला कुत्रा मुदत संपण्याआधी सापडला नाही, तर तो कोठे जाईल हे कोणी सांगू शकत नव्हते. पाळीव कुत्री चोरून प्रयोगशाळांना विकल्याच्या घटनांनी संताप वाढला आणि १९६६मध्ये प्राण्यांच्या कल्याणाचा संघराज्यीय कायदा झाला. १९९०च्या दुरुस्तीने प्राणी व्यापाऱ्याला विकण्याआधी किमान पाच दिवस ठेवण्याची अट घातली.

रोग आटोक्यात आला तरी संख्या आटोक्यात आली नव्हती. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या निवाऱ्यांत दरवर्षी एक कोटीहून अधिक कुत्री-मांजरे मारली जात असावीत असे अंदाज होते. अनेक ठिकाणी हवेचा दाब झपाट्याने उतरवणाऱ्या कोठड्या वापरात होत्या. त्यांविरुद्ध कर्मचारी आणि नागरिक दोघेही बोलू लागले, आणि हळूहळू पशुवैद्यकीय देखरेखीखालील इंजेक्शन ही मान्य पद्धत ठरली. त्याहून महत्त्वाचा बदल १९७१मध्ये लॉस एंजेलिसने केला. शहराने स्वतः अल्प दरातील निर्बीजीकरण दवाखाना उघडला. जन्म रोखणे हे नियंत्रणाचे काम आहे, ही गोष्ट तेव्हा अनेक पशुवैद्यकांनाही पटत नव्हती. आज निवाऱ्यातून शस्त्रक्रिया न करता प्राणी दत्तक दिला तर चुकल्यासारखे वाटते, इतकी ती रुळली आहे. २०१९मध्ये निवाऱ्यांत मारल्या गेलेल्या कुत्र्या-मांजरांचा अंदाज ९ लाख २० हजारांवर आला होता.

पकडणाऱ्या माणसाचे कामही याच काळात बदलले. १९७८मध्ये अमेरिकेत प्राणी नियंत्रण अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि प्रशिक्षणाला आकार आला. टोकाला फास असलेली काठी अजूनही गाडीत असते, पण शिकवणीत ती शेवटी येते. आधी कुत्र्याकडे तिरके उभे राहायचे, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, खाऊ टाकून तो स्वतः जवळ येतो का ते पाहायचे. गाडीत प्रत्येक जनावरासाठी स्वतंत्र हवेशीर कप्पा असतो, कारण एकत्र भरलेली जनावरे भांडतात आणि एकमेकांना आजार देतात. दिवसातला बराच वेळ पकडण्यापेक्षा घरोघरी बोलण्यात जातो: साखळी आखूड आहे, सावली नाही, कुंपण मोडले आहे, लसीचा दाखला संपला आहे. क्रौर्याच्या प्रकरणात हाच अधिकारी छायाचित्रे आणि पशुवैद्यकाचा अहवाल घेऊन न्यायालयात साक्ष देतो, आणि खटला संपेपर्यंत ते जनावर पुरावा म्हणून निवाऱ्यातच अडकून पडते. या अडकलेल्या जनावरांविषयी फार थोडे बोलले जाते.

शतकाच्या अखेरीस संस्था आणि शहर यांची जोडी सुटू लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणी क्रौर्यप्रतिबंधक संस्थेने १९८९मध्ये शहराचे काम सोडले आणि शहराला स्वतःचा विभाग उभारावा लागला. १९९४मध्ये दोघांत करार झाला की शहराकडचा दत्तक देण्याजोगा एकही प्राणी मारला जाणार नाही, त्याला संस्था आपल्याकडे घेईल. न्यूयॉर्कच्या संस्थेनेही १९९४च्या अखेरीस शंभर वर्षांचे ओझे खाली ठेवले आणि १९९५पासून ते काम नव्या संस्थेकडे गेले. यातून आजची वाटणी आली. शहराच्या निवाऱ्याला दारात आलेले कोणतेही जनावर नाकारता येत नाही, खासगी निवाऱ्याला जागा नसेल तर थांबायला सांगता येते. दोघांच्या आकड्यांची तुलना करताना ही गोष्ट विसरली जाते, आणि त्याचा अन्याय शहराच्या निवाऱ्यात राबणाऱ्यांवर होतो.

१९९८मध्ये कॅलिफोर्नियाने राखून ठेवण्याची मुदत ७२ तासांवरून कामकाजाच्या सहा दिवसांवर नेली. संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी मालकासाठी दार उघडे ठेवणाऱ्या निवाऱ्याला सहाऐवजी चारच दिवस ठेवण्याची सवलत दिली. सवलतीमागचा विचार नेमका होता: दिवसभर नोकरीवर असलेल्या माणसाला बंद दार मिळत असेल, तर मुदत कितीही वाढवली तरी उपयोग नाही. मुदत वाढली की पिंजरे लवकर मोकळे होत नाहीत, गर्दी वाढते आणि खोकल्या-तापाचे आजार पसरतात, ही दुसरी बाजूही लगेच दिसली. निवाऱ्यांतील वैद्यक ही पशुवैद्यकशास्त्राची स्वतंत्र शाखा म्हणून पुढे आली ती याच गरजेतून, आणि अमेरिकेतील निवाऱ्यांच्या पशुवैद्यकांनी २०१०मध्ये काळजीची लेखी मानके प्रसिद्ध केली. आपण किती जनावरांची नीट देखभाल करू शकतो तेवढीच आत ठेवावीत, हा त्यांतला गाभा आहे.

आज मुदतीचे घड्याळ सुरू होण्याआधी एक छोटी तपासणी होते. गाडीतून उतरवलेल्या कुत्र्याच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध स्कॅनर ठेवून तो सावकाश पाठीवरून, मग दोन्ही बाजूंनी आणि पुढच्या पायांपर्यंत फिरवतात, कारण तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप कातडीखाली सरकलेली असू शकते. घाईत फिरवलेला स्कॅनर गप्प राहतो, म्हणून दुसऱ्यांदा फिरवतात. पंधरा अंकी क्रमांक दिसला आणि नोंदीतला दूरध्वनी चालू असला, तर मालकाला त्याच दिवशी कळवता येते. क्रमांक नसेल, तर कार्ड भरले जाते आणि शेवटची तारीख लिहिली जाते.