उद्यानांतल्या हंसांचा वाद आला कुठून?

अमेरिका आणि कॅनडातल्या शहरी उद्यानांत ज्या पक्ष्याची संख्या कमी कशी करायची यावरून वर्षानुवर्षे भांडणे चालू आहेत, तो १९५० च्या दशकात नामशेष झाला असे तिथले पक्षितज्ज्ञ धरून चालले होते. जायंट कॅनडा गूज ही कॅनडा हंसाची सर्वांत थोराड उपजात. बेसुमार शिकार, अंड्यांची लूट आणि बुजवलेल्या पाणथळ जागा यांनी ती दिसेनाशी झाली होती. जानेवारी १९६२ मध्ये इलिनॉयचे संशोधक हॅरॉल्ड हॅन्सन मिनेसोटातल्या रॉचेस्टर शहरात, सिल्व्हर लेकवरच्या हंसांची वजने घेत होते. आकडे इतके मोठे येऊ लागले की आधी तराजूवरच शंका घेतली गेली. तराजू ठीक होता. संपला म्हणून ज्याची आशा सोडली होती तो पक्षी भर शहरात, वीजकेंद्राच्या कोमट पाण्यामुळे हिवाळ्यातही न गोठणाऱ्या तळ्यावर सुखरूप होता.

त्यानंतर अनेक राज्यांच्या वन्यजीव खात्यांनी या हंसांची पैदास केली आणि ते जागोजागी नेऊन सोडले. पूर्वी जिथे त्यांनी कधी घरटीही बांधली नव्हती, असेही काही भाग त्यात होते. त्याआधीचा एक धागाही इथे जोडायला हवा. शिकारी लोक पाळीव हंस पाण्याकाठी बांधून ठेवत आणि त्यांच्या आवाजाने रानटी थवे खाली उतरवत. १९३५ मध्ये जिवंत आमिषाच्या या वापरावर बंदी आली, तेव्हा पाळलेले कळपच्या कळप मोकळे सोडले गेले. हंसाचे पिल्लू स्थलांतराची वाट आईबापांच्या मागे उडत शिकते. ज्यांचे आईबापच कुठे गेले नव्हते, ते तिथेच राहिले. आपल्याकडे हिवाळ्यात येऊन उन्हाळ्यापूर्वी परत जाणारे पट्टकदंब आणि न्यू जर्सीतल्या किंवा टोरंटोच्या उपनगरांतल्या मराठी कुटुंबांना बारा महिने दिसणारे हे हंस यांच्यात हाच मोठा फरक आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेल्या उपनगरांनी त्यांची उरलेली सोय केली. कॅनडा हंसाला कोवळे, आखूड गवत आणि जवळच पाणी लागते. गोल्फची मैदाने, ऑफिसांभोवतीची हिरवळ, उद्यानांतली कृत्रिम तळी म्हणजे नेमके तेच. शहरात बंदूक नाही, कोल्हे-लांडगे कमी, आणि वर लोक पाव घालतात. मादी एका विणीत साधारण पाच अंडी घालते आणि पक्षी वीस-वीस वर्षे जगू शकतो. तेव्हा वाटांवरची विष्ठा, घरट्याजवळ गेल्यास अंगावर धावून येणारा नर, तळ्यांचे खराब होणारे पाणी, या तक्रारी खऱ्याच आहेत. त्या करणाऱ्यांना निर्दय म्हणून मोडीत काढणे मला पटत नाही.

कायद्याने मात्र हा पक्षी अजूनही स्थलांतरितच. स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणासाठी अमेरिका आणि (कॅनडाच्या वतीने) ब्रिटन यांच्यात १९१६ मध्ये करार झाला. त्यावरून कॅनडात १९१७ मध्ये आणि अमेरिकेत १९१८ मध्ये कायदे आले. त्यामुळे वर्षभर एकाच तळ्यावर राहणाऱ्या हंसाचे अंडे हलवायलाही परवानगी लागू लागली. व्हर्जिनियात अमेरिकी कृषी खात्याने परवान्याविनाच हंस मारण्याची योजना आखली, तेव्हा प्राणिहितवादी संस्था न्यायालयात गेल्या. हा कायदा सरकारी खात्यांनाही बांधतो, असा निकाल २००० मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दिला. पुढे २००६ मध्ये केंद्र सरकारने जमीनमालक आणि स्थानिक संस्थांना केवळ नोंदणी करून घरटी आणि अंडी नष्ट करण्याची मुभा दिली.

मग १५ जानेवारी २००९ उजाडला. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेल्या यूएस एअरवेजच्या विमानाची दोन्ही इंजिने हंसांच्या थव्याशी टक्कर होऊन बंद पडली. कॅप्टन सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीत उतरवले आणि १५५ जणांचे प्राण वाचले. स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इंजिनात सापडलेली पिसे तपासली, तेव्हा ते हंस उत्तरेकडून आलेले खरे स्थलांतरित ठरले. तरीही शहराने पकडले ते बारा महिने तिथेच राहणारे हंस. जून-जुलैमध्ये पिसे गळून नवी येईपर्यंत काही आठवडे त्यांना उडता येत नाही. पकडमोहिमा त्याच दिवसांत होतात. जुलै २०१० मध्ये ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमधले सुमारे ४०० हंस, पिल्लांसकट, एका पहाटे नेऊन वायूने मारण्यात आले. रोज त्यांना पाहणाऱ्या रहिवाशांना ते नंतर कळले. स्थानिक हंसांचाही विमानांना धोका असतो हे मान्य. पण लोकांना न विचारता हे उरकले गेले, आणि तो राग आजही ओसरलेला नाही. २०१९ मध्ये डेन्व्हरने उद्यानांतले सुमारे सोळाशे हंस मारले. मांस गरजूंना दिले, तरी तिथेही तोच संताप उसळला.

या सगळ्यात मला सर्वांत प्रामाणिक वाटतो तो अंड्यांचा मार्ग. स्वयंसेवक अंडे पाण्यात ठेवून पाहतात. बुडाले तर आतला जीव अजून फारसा वाढलेला नसतो. तरंगले तर ते परत घरट्यात ठेवले जाते. बुडालेल्या अंड्यांना मक्याचे तेल लावले की कवचाची छिद्रे बुजतात आणि वाढ थांबते. अंडी घरट्यातच असल्याने मादी उबवत बसते. अंडी उचलून नेली तर मादी पुन्हा नवी घालू शकते. मर्यादा उघड आहे. मोठे हंस दीर्घायुषी, त्यामुळे आकडा लगेच घटत नाही. घरटी बहुतेक सगळी शोधावी लागतात, आणि काम दर वसंतात, वर्षानुवर्षे करावे लागते. नगरपालिकांचा धीर सुटतो तो इथेच. पण मोठे पक्षी मारूनही गवत आणि पाणी तसेच राहिले तर शेजारच्या तळ्यावरचे हंस रिकामी जागा भरून काढतात. म्हणून तेलाच्या जोडीला काठावर उंच गवत आणि झुडपे वाढवली जातात, कारण पलीकडे शत्रू आहे की नाही ते दिसत नसेल तर हंस पिल्लांना घेऊन तिथे चरायला येत नाही. प्रशिक्षित बॉर्डर कॉली कुत्र्यांकडून थवे हुसकावले जातात, आणि पाव घालू नका, असे फलक लागतात.