मूत्रगळतीवरील जाळीची शस्त्रक्रिया : उशिराची गुंतागुंत

खोकताना, शिंकताना किंवा भरलेली बादली उचलताना लघवी सुटणे या स्त्रियांच्या तक्रारीवर मूत्रमार्गाच्या मध्याखाली पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची जाळीदार पट्टी बसवतात. ही पट्टी कायमची आत राहत असल्याने तिचे काही त्रास महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी उद्भवतात. स्वीडनचे उल्फ उल्मस्टेन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया थोड्या वेळात होते आणि बहुतेकींची गळती थांबवते, म्हणूनच ती जगभर झपाट्याने पसरली.

पट्टीवरील योनीची त्वचा विरून जाळी उघडी पडली, की स्राव व रक्त जाते आणि संबंधाच्या वेळी वेदना होतात. कधी जाळीचा धागा आधी जोडीदारालाच टोचतो. पट्टी मूत्राशयात किंवा मूत्रमार्गात शिरल्यास तिच्यावर क्षार साचून खडा बनतो. अशा रुग्णेला वारंवार मूत्रसंसर्ग होतो, प्रत्येक वेळी प्रतिजैविके दिली जातात, आणि दुर्बिणीने आत पाहिल्याशिवाय मूळ कारण सापडत नाही. जुन्या शस्त्रक्रियेचा उल्लेख रुग्णाही करत नाही, कारण ती तिच्या लेखी यशस्वी झालेली असते. फ्रान्समध्ये २००१ मध्ये मांडलेल्या, पट्टी जांघेकडे नेण्याच्या पद्धतीत जांघेचे व मांडीचे दुखणे अधिक आढळते. याखेरीज लघवी अडणे आणि नव्याने घाईची लघवी लागणे हेही त्रास होतात.

सीटी स्कॅनमध्ये ही जाळी नीट दिसत नाही. योनीमुखाकडून केलेल्या सोनोग्राफीत मात्र ती स्पष्ट उमटते. लहानसा उघडा भाग कापून काढता येतो, काहींना योनीत लावण्याचे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे मलम दिले जाते. संपूर्ण पट्टी काढणे अवघड असते, कारण ऊतक तिच्या छिद्रांतून वाढून तिला घट्ट धरून ठेवते. हीच पकड शस्त्रक्रियेच्या यशाचे कारण असते. काढल्यावर गळती परतू शकते आणि वेदना थांबतीलच असे नाही.

इंग्लंडमधील सुमारे ९५ हजार स्त्रियांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नऊ वर्षांत ३.३ टक्के स्त्रियांची पट्टी अंशतः वा पूर्ण काढावी लागली होती. हा आकडा छोटा वाटतो, पण त्रास सोसूनही पट्टी काढण्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत न पोहोचलेल्या स्त्रिया त्यात येत नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये इंग्लंडने या पट्टीचा वापर थांबवला, तर अमेरिकेने २०१९ मध्ये अंग बाहेर येण्यावरील योनीमार्गे बसवायच्या जाळ्यांची विक्री बंद करताना मूत्रगळतीच्या पट्ट्या वगळल्या.