जर्मनीत नोकरी सुटली तर बेकारी भत्ता कोणाला मिळतो?

पुण्याहून म्युनिक, श्टुटगार्टला आलेल्यांच्या पगारातून बेकारी विम्याचा हप्ता दर महिन्याला कापला जातो. त्याचे नियम मात्र नोकरी गेल्यावरच वाचले जातात आणि तोवर एखादी तारीख हुकलेली असते. म्हणून आधी तारखा.

नोकरी संपण्याच्या किमान तीन महिने आधी ‘आगेंटूर फ्यूर आर्बाइट’ या रोजगार कार्यालयाकडे काम शोधत असल्याची नोंद करायची. नोटीसच उशिरा मिळाली, तर ती कळल्यापासून तीन दिवसांत. उशीर झाला की आठवड्याचा भत्ता बुडतो. बेकार झाल्याची नोंद याहून वेगळी. ती बेकारीच्या पहिल्या दिवसापर्यंत, प्रत्यक्ष जाऊन किंवा डिजिटल ओळखपत्र असेल तर ऑनलाइन करता येते. पहिली केली म्हणून दुसरी आपोआप होत नाही. इथेच बरेच जण फसतात.

पात्रतेची मुख्य अट म्हणजे मागच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने विमा भरलेला असणं. भारतातल्या नोकरीची वर्षं यात धरत नाहीत. भत्ता ढोबळमानाने हातात येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के. १२ महिने विमा भरला असेल तर सहा महिने, २४ महिने भरला असेल तर वर्षभर मिळतो. पन्नाशीपुढच्यांना आणखी जास्त मिळू शकतो. या काळात आरोग्य विम्याचा हप्ता कार्यालयच भरतं.

आता खरी मेख. स्वतः राजीनामा दिलात, तर साधारणपणे १२ आठवडे भत्ता बंद, शिवाय एकूण मुदतीतूनही किमान चौथा हिस्सा कापला जातो. कंपनीने गोड बोलून पुढे केलेल्या ‘आउफहेबुंग्सफरट्राग’वर, म्हणजे परस्पर संमतीने नोकरी संपवण्याच्या करारावर, सही केली तरी बहुधा हेच होतं. रक्कम कितीही आकर्षक दिसो, सही त्याच बैठकीत करू नका; कागद घरी आणा, वकिलाला दाखवा. ठोस कारण असेल तर ही शिक्षा टळते. डॉक्टरांनी तब्येतीमुळे नोकरी सोडायला सांगणं, किंवा जोडीदाराच्या गावी राहायला जाणं आणि तिथून रोज ये-जा शक्य नसणं, ही अशी कारणं. पण पुरावा राजीनाम्याआधीच गोळा केलेला हवा. कंपनीने काढलं असेल आणि ते अन्यायाचं वाटत असेल, तर कामगार न्यायालयात जायला पत्र मिळाल्यापासून फक्त तीन आठवडे असतात.

कागदपत्रं फार नाहीत: पासपोर्ट, निवास परवाना, नोकरी संपल्याचं पत्र, बायोडेटा, बँक खात्याचा तपशील. नोकरीचा दाखला कंपनी थेट कार्यालयाला ऑनलाइन पाठवते. तो गेला का, हे मात्र एचआरला विचारत राहा.

ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या निवास परवान्यावर, असाल तर नोकरी मुदतीआधी संपल्याचं कळल्यापासून दोन आठवड्यांत परदेशी नागरिक कार्यालयालाही कळवावं लागतं. रोजगार कार्यालयाला सांगितलं म्हणजे त्यांनाही कळलं, असं समजू नका. हा भत्ता विम्याचा आहे, सरकारी मदत नव्हे. तो घेतल्याने परवान्याला बाधा येत नाही.

आणि मोकळा वेळ मिळाला म्हणून लगेच मुंबईचं तिकीट काढू नका. भत्ता चालू असताना बाहेर जायला आधी परवानगी लागते आणि तीही वर्षाला साधारण तीन आठवड्यांचीच. भत्त्याचा अर्ज नाकारला गेला, तर पत्र मिळाल्यापासून महिन्याभरात लेखी हरकत घेता येते.