वहाळावरची वीज

मृगाचा पाऊस लागला की कोकणात आधी लाईट जाते. माडाची झावळी तारेवर पडते आणि मग वाट बघत बसायचं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक वाड्यांनी अनेक दिवस काळोखात काढले. त्याच दिवसांत घरामागचा वहाळ, म्हणजे ओढा, मात्र धो धो वाहत समुद्राकडे निघालेला असतो. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळी गावाला उतरवून वीज करतात, त्या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट. वहाळाचं पाणीही पाइपने खाली आणून चाकावर सोडलं आणि चाकाने जनित्र फिरवलं की वीज होते. ती मोजायची वॅटमध्ये, तत्त्व तेच.

मोजायला इंजिनीअर लागत नाही. वीस लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते पाहा, आणि उतार गवंड्याच्या पाण्याच्या नळीने काढा. बादली चार सेकंदांत भरली तर सेकंदाला ५ लिटर. हे पाणी २० मीटर खाली येत असेल तर ५ गुणिले ९.८ (हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणिले २०, म्हणजे ९८० वॅट. पाइप, चाक आणि जनित्र मिळून यातलं निम्मं खातात असं धरा. उरलेले पाचशे वॅट किरकोळ वाटतील, पण वहाळ रात्री झोपत नाही. दिवसाला १२ युनिट होतात, दोन-तीन घरांचे दिवे, पंखे, फ्रीज निघतात. तेही आभाळ भरून आल्यामुळे छपरावरचं सोलर मलूल पडतं त्या महिन्यांत.

पैसे वाचवायला दोन इंची पाइप घेऊ नका. शंभर मीटर लांबीत एवढं पाणी तो निम्म्याहून जास्त उंची नुसत्या घर्षणात घालवतो. चार इंचीत फूटभरच जाते.

आता जनित्र. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलला की तारेत वीज उमटते, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. पण आपल्या उपकरणांना सेकंदाला ५० आवर्तनं लागतात. चुंबकाचे चार ध्रुव असलेल्या जनित्राला त्यासाठी मिनिटाला १५०० फेरे घ्यावे लागतात. चाक संथ असेल तर पट्टा-पुली लावून वेग वाढवायचा, नाहीतर ध्रुव वाढवायचे. २० ध्रुव असले की ३०० फेरे पुरतात. निओडिमियम या धातूपासूनचे छोटे पण जबरदस्त चुंबक आल्यापासून असं जनित्र आटोपशीर झालं आहे.

मला याहून आवडते ती जुगाडू वाट. बागेतला छोटा थ्री-फेज पंप उलटा चालवायचा: पाणी वरून सोडलं की त्याचा पंखा चाक होतो आणि मोटर जनित्र. मोटरीच्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं, योग्य मापाचे कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत सोडणारे डबे) जोडले की त्यावरूनच ती विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उभा करते. जास्त भार टाकला तर दाब आपोआप कोसळतो, वाइंडिंग सहसा जळत नाही. मात्र पंपाला उलटं चालायला त्याच्या मूळ मापापेक्षा जास्त उंची आणि जास्त पाणी लागतं.

खरी डोकेदुखी वीज करण्यात नसून ती संपवण्यात आहे. पाणी एकसारखं येत राहतं, पण फ्रीज मध्येच बंद होतो. भार कमी झाला की चाक उधळतं, दाब चढतो आणि बल्ब उडतात. म्हणून एक छोटं नियंत्रक सर्किट उरलेली वीज तत्क्षणी हीटरकडे वळवतं. हा हीटर आंघोळीच्या पाण्यात सोडला की ओल्या लाकडांवर बंब पेटवण्याचा धूर टळतो.

ही वीज गावच्या लायनीला कधीही भिडता कामा नये. बंद समजून तारेला हात लावणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. घराला एका वेळी एकच वीज जोडणारा चेंजओव्हर स्विच हवाच.

आणि जाळी. पाचोळा, वाळू, क्वचित एखादा खेकडा तोंडाशी अडकतो आणि दिवे मिणमिणायला लागतात. भर पावसात इरलं घेऊन रोज ती साफ कोण करणार, हे पाइप आणण्याआधी वाडीत ठरलेलं बरं. दिवाळीनंतर वहाळ रोडावतो. मग पंप सोडवायचा, कपॅसिटर काढून फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि पंप परत विहिरीवर नेऊन पोफळीच्या शिंपणाला लावायचा.