केटरिंगच्या शाळेने शोधलेला रॉकेटतळ

इंग्लंडमधल्या केटरिंगच्या शाळेत जेफ्री पेरी भौतिकशास्त्र शिकवत. रसायनशास्त्राचे शिक्षक डेरेक स्लेटर हौशी रेडिओवाले होते. १९६० मध्ये दोघांनी सोव्हिएत ‘स्पुटनिक ४’चे संकेत पकडले, ते वर्गात डॉप्लर परिणाम दाखवायला. उपग्रह जवळ येताना संकेताची कंप्रता (फ्रिक्वेन्सी) मुळापेक्षा जास्त भरते, लांब जाताना कमी. ती किती झपाट्याने उतरते यावरून तो किती जवळून गेला हे काढता येतं. फळ्यावरचं गणित मुलांना कानांनी ऐकायला मिळालं.

छंद इथेच थांबला नाही. वीस मेगाहर्ट्‌झच्या आसपास ऐकू येणाऱ्या सोव्हिएत कॉसमॉस मालिकेतल्या टेहळणी उपग्रहांच्या नोंदी मुलं ठेवू लागली. मार्च १९६६ मध्ये कॉसमॉस ११२ वर गेला आणि हिशेब बिघडला. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ७२ अंशांचा कोन करत होती. बैकानूर या सोव्हिएत रॉकेटतळावरून सुटणाऱ्या भावंडांशी ती जुळेना. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉसमॉस १२९ वेगळ्या कोनात, सुमारे ६५ अंशांत गेला. दोन्ही कक्षांचे जमिनीवरचे मार्ग उड्डाणाच्या क्षणापर्यंत मागे नेल्यावर ते उत्तर रशियात प्लेसेत्स्कजवळ छेदले. तिथे रॉकेटतळ असल्याचं मॉस्कोने तोवर चकार शब्दाने सांगितलं नव्हतं. पेरींनी नोव्हेंबरमध्ये ते जाहीर केलं; सोव्हिएत सरकारने कबुली दिली १९८३ मध्ये!

उपग्रह डोळ्यांनी पाहणाऱ्यांची परंपरा याहून जुनी. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९५६ मध्येच ‘मूनवॉच’ नावाने देशोदेशींचे स्वयंसेवक जमवायला घेतले होते. सोबत उपग्रह टिपणारे मोठे बेकर-नन कॅमेरे होते. त्यातला एक आपल्या नैनितालला होता. मूनवॉच १९७५ मध्ये बंद झालं, पण काही जणांनी दुर्बीण आणि स्टॉपवॉच खाली ठेवलं नाही. संध्याकाळी किंवा पहाटे, जमीन अंधारात आणि उपग्रह अजून उन्हात असताना, तो कुठल्या ताऱ्याजवळून नेमका कधी गेला ते टिपायचं. अशा काही नोंदी जमल्या की कक्षा मांडता येते.

या मंडळींचं खरं महत्त्व वाढलं १९८३ नंतर, अमेरिकेनेही आपल्या गुप्त उपग्रहांच्या कक्षा जाहीर करणं थांबवलं तेव्हा. गुपित ठेवणारे बदलले, पाहणारे तेच. १९९० मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलने सोडलेला, दिसू नये म्हणूनच घडवलेला मानला जाणारा उपग्रहही त्यांनी हुडकला. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्रम्प यांनी इराणच्या जळालेल्या रॉकेटतळाचं स्पष्ट छायाचित्र ट्विट केलं. नेदरलँड्सचे मार्को लँगब्रुक यांनी त्यातल्या सावल्यांवरून वेळ काढली. त्या वेळी वरून यूएसए २२४ हा अमेरिकी टेहळणी उपग्रह जात होता, आणि त्याची कक्षा हौशी लोकांकडे आधीपासून होती. फोटो कुणाचा, हे विचारायची गरजच उरली नाही.

पेरींच्या पद्धतीचा अलीकडचा वारस कॅनडातला. जानेवारी २०१८ मध्ये स्कॉट टिली ‘झूमा’ या गुप्त उपग्रहाच्या मागावर रेडिओ लावून बसले होते. झूमा सापडला नाही. सापडला नासाचा ‘इमेज’ उपग्रह, डिसेंबर २००५ पासून मुका झालेला. कंप्रतेच्या चढउतारावरून त्यांनी ओळख पटवली, नासाने त्याच महिन्यात दुजोरा दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘इमेज’ पुन्हा गप्प झाला.