एकदा लिहा, हव्या त्या मॅन्युअलमध्ये वापरा

पंप बनवणाऱ्या अनेक कारखान्यांत मॅन्युअल असं तयार होतं: जुनी वर्ड फाइल उघडायची, ‘सेव्ह ॲज’ करायची, मॉडेलचं नाव बदलायचं. पुढे एखादी सुरक्षासूचना सुधारली की ती चार फाइलींत बदलते, पाचवीत जुनीच राहते. विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हे धोक्याचं आहे.

म्हणून आम्ही कारखान्यांसाठी मॅन्युअल ‘डिटा’ (DITA) पद्धतीने लिहितो. आयबीएममध्ये तयार झालेली ही पद्धत २००५ पासून ओएसिस संस्थेचं खुलं मानक आहे. यात मजकुराचे सुटे टॉपिक, म्हणजे स्वतंत्र तुकडे करतात. उदाहरणार्थ प्रायमिंग, म्हणजे सुरू करण्याआधी पंपात पाणी भरणं. ‘प्रायमिंग कशासाठी’ हा कन्सेप्ट (संकल्पना), ‘पंपाचं प्रायमिंग करणे’ हा टास्क (कृती), व्होल्टेज आणि अश्वशक्तीचा तक्ता हा रेफरन्स (संदर्भ). कोणत्या मॅन्युअलमध्ये कोणते टॉपिक, कोणत्या क्रमाने, हे मॅपमध्ये ठरतं.

सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, खरी कसोटी लिहिण्यात आहे. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ असं लिहिलं की तो टॉपिक दुसरीकडे चालत नाही. प्रायमिंगचा टास्क बघा: वीजपुरवठा बंद करा. प्रायमिंगचा प्लग काढा. केसिंग आणि सक्शन पाइप पूर्ण भरेपर्यंत पाणी ओता. प्लग घट्ट बसवा. सिंगल फेज असो वा थ्री फेज, मोनोब्लॉकला (पंप आणि मोटर एकत्र असलेल्या यंत्राला) हा मजकूर जसाच्या तसा लागू पडतो. थ्री फेजमध्ये मोटर उलटी फिरली तर कोणत्याही दोन फेजच्या वायरींची अदलाबदल करावी लागते. त्याचा आम्ही वेगळा टास्क करतो, प्रायमिंगमध्ये घुसवत नाही. सबमर्सिबल पंप पाण्यातच बुडालेला असतो, त्यामुळे त्याच्या मॅपमध्ये प्रायमिंग नसतंच.

अर्धी वाक्यं मात्र आम्ही कधीच सामायिक ठेवत नाही. ‘पंप सुरू झाला’, पण ‘मोटर सुरू झाली’. नुसतं नाव बदललं की मराठी वाक्य बिघडतं. निदान एक पूर्ण पायरी तरी एकसंध हवी.

तुमचं मॉडेल एकच असेल आणि त्यात फारसे बदल होत नसतील, तर हा खर्च करू नका, साधी फाइल पुरेल. मॉडेल जास्त असतील किंवा मॅन्युअल मराठी, हिंदी, इंग्रजीत लागत असेल, तर फायदा लवकर दिसतो, कारण नवा अनुवाद फक्त बदललेल्या टॉपिकचाच करावा लागतो.

पहिल्या भेटीला येताना दोन मिळत्याजुळत्या मॉडेलची छापील मॅन्युअलं आणा. जमल्यास सर्व्हिसच्या माणसालाही सोबत आणा. ग्राहक कोणत्या पायरीवर अडतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.